मुलांचे अपेंडिक्स आणि दिशाभूल करणारे जंतू

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर लागते. या गावात, किंवा आत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या ठाकूरवाडीत नाहीतर कातकरीवाडीत, मुलाच्या पोटात रात्री कळ उठली तर घरातले उपाय ठरलेले असतात. ओवा चावायला देतात, बेंबीवर हिंगाचा लेप लावतात, शेक देतात. कुणी म्हणते बेंबी सरकली, चोळून घ्या. बहुतेक वेळा मूल सकाळी खेळायला लागते. एखाद्या वेळी मात्र दुखणे बेंबीपासून उजवीकडे खाली उतरते, मूल वाकून चालू लागते, आणि मग कशेळे, कर्जत, उल्हासनगर, कळवा, कामोठे, परळ अशी रुग्णालयांची वाट सुरू होते.

मुलांमध्ये तातडीने पोटाची शस्त्रक्रिया करावी लागते, तेव्हा सर्वांत जास्त वेळा कारण असते अपेंडिक्सची सूज, म्हणजे आंत्रपुच्छदाह. हा आजार नवा नाही आणि त्यातले नेहमीचे जंतूही डॉक्टरांना पाठ आहेत. तरीही वैद्यकीय नियतकालिकांत दरवर्षी अशी प्रकरणे येत राहतात, ज्यात अपेंडिक्समधून किंवा त्याच्या आसपासच्या पुवातून एखादा अनपेक्षित जंतू सापडतो. शहरातला पालक असे काही वाचून धास्तावतो आणि तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांना ती परदेशातली गोष्ट वाटते. प्रत्यक्षात या जंतूंचे तीन वेगळे गट पडतात. काही अपेंडिक्सच्या आतच असतात, पण शोधले जात नाहीत म्हणून दिसत नाहीत. काही अपेंडिक्सला हातही लावत नाहीत, पण दुखणे हुबेहूब त्याच्यासारखे उभे करतात. आणि काही शस्त्रक्रियेच्या निमित्ताने शरीरात शिरतात. कर्जत-खालापूरच्या मुलाला यातल्या कोणाची भीती किती, हे तिन्ही गट वेगळे करून पाहिले की कळते.

नेहमीची चाल

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, साधारण सहा ते नऊ सेंटिमीटरची, एका टोकाला बंद असलेली नळी. तिचे तोंड कडक झालेल्या विष्ठेच्या खड्याने बंद होते. मुलांमध्ये तिच्या भिंतीतल्या लिम्फच्या गाठी सुजूनही तोंड बंद होते, कारण या वयात त्या गाठी सर्वांत जास्त वाढलेल्या असतात. तोंड बंद झाले की आत स्राव साचतो, दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्यात एरवी निरुपद्रवी असलेले जंतू भिंतीत घुसतात. दुखणे सुरू झाल्यापासून दीड-दोन दिवसांत ही भिंत फुटू शकते.

सर्वांत जास्त रुग्ण दहा ते वीस या वयातले असतात. पाच वर्षांखालच्या मुलांत हा आजार कमी, पण जास्त घातक. कुठे दुखते हे त्यांना सांगता येत नाही, उलट्या-जुलाबांमुळे सगळे पोट बिघडल्यासारखे दिसते. पोटातला मेदाचा पडदा या वयात पातळ असल्याने फुटलेल्या अपेंडिक्सचा पू एका जागी अडवला जात नाही, पोटभर पसरतो. या वयोगटात निदान होते तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांचे अपेंडिक्स आधीच फुटलेले असते.

अपेंडिक्स काढण्याची इतिहासातली पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया एका मुलावरचीच आहे. १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अमियांड या शल्यचिकित्सकाने अकरा वर्षांच्या मुलाचे हर्नियात अडकलेले अपेंडिक्स काढले. त्याला एका गिळलेल्या टाचणीने भोक पडले होते. तरी उजव्या बाजूच्या या दुखण्याचे मूळ अपेंडिक्समध्ये आहे, हे वैद्यकाने मान्य करायला आणखी दीडशे वर्षे लागली. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये ते मांडले आणि लवकर शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला.

फुटलेल्या अपेंडिक्सच्या पुवात एकटादुकटा जंतू नसतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीस रुग्णांचे नमुने बारकाईने तपासले, तेव्हा एकेका नमुन्यात सरासरी दहा प्रकारचे जंतू निघाले. ई-कोलाय आणि बॅक्टेरॉइड्स हे त्यातले मुख्य. नेहमीची औषधयोजना या दोघांना समोर ठेवून आखलेली असते. ई-कोलायसारख्या जंतूंसाठी सेफ्ट्रायाक्झोनसारखे औषध आणि प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी मेट्रोनिडाझोल. बहुतेक मुले एवढ्यावर आणि वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेवर बरी होतात.

आतच असलेले, पण न दिसलेले

पहिल्या गटातले सर्वांत बोलके उदाहरण बायलोफिला वड्सवर्थिया या जंतूचे आहे. १९८९ पर्यंत त्याला नावही नव्हते. लॉस एंजेलिसच्या वड्सवर्थ रुग्णालयाशी संबंधित संशोधकांनी अपेंडिक्सच्या नमुन्यांतून तो वेगळा केला. पित्त मिसळलेल्या माध्यमात तो जोमाने वाढतो, म्हणून बायलोफिला. पुढे लक्षात आले की सडलेल्या आणि फुटलेल्या अपेंडिक्समध्ये, प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंपैकी, वारंवार सापडण्यात त्याचा क्रमांक तिसरा लागतो. इतका सर्रास असलेला जंतू शंभर वर्षे कोणाला दिसला नाही, याचे कारण साधे होते. त्याला वाढायला अनेक दिवस लागतात, हवा लागली की तो मरतो, आणि प्रयोगशाळा दोन दिवसांत काही उगवले नाही की बशी टाकून देते.

फ्यूजोबॅक्टेरियमचेही तसेच. हा तोंडातला, हिरड्यांतला जंतू. बर्लिनच्या संशोधकांनी २०११ मध्ये जतन केलेल्या अपेंडिक्सच्या काचपट्ट्या नव्या तंत्राने पाहिल्या, तेव्हा खरोखर सुजलेल्या निम्म्याहून अधिक अपेंडिक्सच्या भिंतीत तो घुसलेला दिसला. निरोगी अपेंडिक्समध्ये तसे दिसले नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत मुलांच्या अपेंडिक्समधील जंतूंच्या जनुकांची छाननी झाली, त्यातही याच कुळाचे जंतू भरपूर आढळले. त्यामुळे अपेंडिक्सची सूज दरवेळी खड्याने तोंड बंद झाल्यामुळेच सुरू होते का, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. फ्यूजोबॅक्टेरियमचा खरा धोका मात्र पुढचा आहे. क्वचित तो आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरतो, तिथे रक्ताची गुठळी आणि पू तयार होतो, आणि मग यकृतात गाठी होतात. शस्त्रक्रिया नीट झाली, तरीही मुलाचा थंडी वाजून येणारा ताप हटत नाही, थोडी कावीळ दिसते, तेव्हा या शक्यतेसाठी पोटाची सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी लागते.

स्ट्रेप्टोकॉकस अँजिनोसस हा तिसरा. साध्या पेनिसिलिनला तो बधतो, पण पुवाच्या गाठी करण्यात तो पटाईत आहे. ज्या मुलांच्या पुवात तो सापडतो, त्यांच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पू साचण्याचे प्रमाण जास्त असते. अहवालात हे नाव आले, तर मुलाला लवकर घरी सोडण्याची घाई न केलेली बरी. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा पाण्यात, ओलाव्यात राहणारा जंतू फुटलेल्या अपेंडिक्सच्या पुवात मुलांमध्ये लक्षणीय वेळा निघतो. सेफ्ट्रायाक्झोन आणि मेट्रोनिडाझोलची जोडी त्याच्यावर चालत नाही. बहुतेक मुले पू काढून टाकल्यावर तरीही बरी होतात. ज्यांचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशीही राहतो, त्यांच्यासाठी औषध बदलताना या जंतूचा विचार हवा.

ॲक्टिनोमायसिस हा यातला खराखुरा दुर्मीळ. तो तोंडात आणि आतड्यात शांतपणे असतो, अपेंडिक्स फुटले की बाहेर पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी उजव्या ओटीपोटात टणक गाठ उभी करतो. गाठीला तोंड फुटून त्यातून पिवळसर कण येतात. कर्करोग किंवा क्षयाची शंका येऊन पोट पुन्हा उघडले जाते. उपाय मात्र पेनिसिलिनच, फक्त दिवसांऐवजी महिने घ्यावे लागते.

या गटाचा सारांश असा, की यातले बहुतेक जंतू असतातच, आणि त्यांचे नाव न कळताही मूल बरे होते. नाव कळणे गरजेचे ठरते ते बरे होण्याची गाडी रुळावरून घसरल्यावर.

अपेंडिक्सचे सोंग

कर्जतच्या खोऱ्यात खरा कस लागतो तो दुसऱ्या गटात. अपेंडिक्सच्या शेजारीच लहान आतड्याचे शेवटचे टोक आणि त्याभोवतीच्या लिम्फच्या गाठी असतात. त्या सुजल्या तरी दुखणे तिथेच, ताप तसाच, दाबल्यावर वेदना तशीच.

यातला जगप्रसिद्ध नकलाकार यर्सिनिया एंटेरोकोलिटिका. १९७६ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा परगण्यात शाळकरी मुले ताप आणि पोटदुखीने रुग्णालयात येऊ लागली. छत्तीस मुले दाखल झाली आणि त्यांतल्या सोळा मुलांचे अपेंडिक्स काढले गेले. शोध घेतल्यावर मूळ निघाले शाळेत मिळणाऱ्या चॉकलेटच्या दुधात. हा जंतू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो, म्हणून थंड ठेवलेले दूध त्याला मानवते. त्याचाच भाऊबंद यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस याने फिनलंडमध्ये साठवलेली गाजरे आणि सॅलडच्या पानांतून असेच उद्रेक घडवले. भारतातही तामिळनाडूत ताकातून यर्सिनियाचा उद्रेक नोंदला गेला आहे. २००१ मध्ये अमेरिकेत चाळीस रुग्णांच्या अपेंडिक्सची जनुकीय तपासणी झाली. या साऱ्यांत सूक्ष्मदर्शकाखाली क्षयासारख्या गाठी दिसत होत्या. चाळीसपैकी दहांत यर्सिनिया सापडला. म्हणजे क्षयासारखे दिसणारे प्रत्येक अपेंडिक्स क्षयाचेच असेल, असे नाही. सहा महिन्यांचे औषध सुरू करण्याआधी हे पडताळून पाहणे मुलाच्या हिताचे.

कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीचे नाव मराठी वाचकाला जानेवारी २०२५ मध्ये कळले. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात हातापायांतली शक्ती जाणाऱ्या गिया बारे आजाराचे रुग्ण वाढले, संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हा जंतू सापडला. लोकांचे लक्ष साहजिकच लुळेपणाकडे गेले. पण हा जंतू मुळात आतड्याचा. कच्चे कोंबडीचे मांस, न उकळलेले दूध, दूषित पाणी यांतून तो येतो. मुलांना त्याच्यामुळे कधीकधी आधी ताप आणि उजव्या बाजूला तीव्र दुखणे येते, जुलाब एक-दोन दिवसांनी लागतात. त्या मधल्या काळात मूल शल्यचिकित्सकासमोर असेल, तर ते अपेंडिक्सचेच वाटते.

टायफॉइड तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी असलेल्या लिम्फच्या पट्ट्यांत ठाण मांडतात. उपचार झाले नाहीत, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे आतडे फुटू शकते, आणि हे फुटणे अपेंडिक्स फुटल्यासारखेच दिसते. फरक इतिहासात असतो. टायफॉइडच्या मुलाला पोटात दुखण्याआधी आठवडाभर ताप असतो. निदानासाठी गावोगाव विडाल चाचणी केली जाते. ती आधीच्या संसर्गाने किंवा दुसऱ्याच तापातही होकारार्थी येऊ शकते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेले रक्ताचे कल्चर जास्त भरवशाचे. प्रतिबंधाचे उदाहरण पोशीरपासून फार दूर नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची नवी संयुग्मित लस सार्वजनिक मोहिमेतून दिली आणि पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सरकारी पातळीवर ही लस देणारी ती पहिली यंत्रणा ठरली. नऊ महिन्यांपुढच्या बाळाला ही लस देता येते.

क्षयाचे मुद्दाम वेगळे सांगायला हवे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि पोटातला क्षय सर्वांत जास्त वसतो तो लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याशी, अपेंडिक्सच्या अगदी उंबऱ्यावर. सांध्याची सूज पसरून अपेंडिक्सचे तोंड बंद होते, किंवा क्षयाच्या गाठींमुळे मूल महिनोन्महिने कुरकुरत राहते. वजन न वाढणे, संध्याकाळचा ताप, घरात कोणाला खोकल्याचे औषध चालू असणे, पोट फुगणे या खुणा दुखण्याआधीच्या असतात आणि त्या विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. काढलेला तुकडा किंवा पोटातले पाणी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्रावर तपासता येते. ट्रूनॅट तयार करणारी कंपनी गोव्याची. लहान, बॅटरीवर चालणारे हे यंत्र तालुक्याच्या पातळीवर नेता यावे अशाच बेताने बनवले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली.

काही जंतू पोटात नसतातच. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झालेले लहान मूल छातीऐवजी पोट दाखवते. श्वास जोरात चालतो आहे, नाकपुड्या हलताहेत, हे पाहिले नाही तर ते मूल थेट टेबलावर जाते. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गातही मुलांचे पोट दुखते. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन आजार कोकणपट्ट्याने विसरू नयेत. लेप्टोस्पायरोसिस भातखाचरातल्या, साचलेल्या पाण्यातून येतो. डोळे लाल, पोटऱ्या ठणकणाऱ्या, अंगभर दुखणे. स्क्रब टायफस गवतातल्या अतिसूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून येतो. विदर्भात २०१८ मध्ये त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. यात पोट इतके दुखू शकते की शस्त्रक्रियेची तयारी सुरू व्हावी. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर निदान पक्के, आणि डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध दोन दिवसांत ताप उतरवते. ती खपली मुलाला दुखत नाही, म्हणून कपडे पूर्ण काढून पाहिल्याशिवाय सापडत नाही.

या साऱ्यांतून वाट काढायला एक जुना, बिनखर्चाचा नियम आहे. अपेंडिक्समध्ये क्रम सहसा ठरलेला असतो: आधी दुखणे, मग उलटी, मग हलका ताप. आधी ताप आणि मग दुखणे, किंवा आधी उलट्या-जुलाब आणि मग दुखणे, असे असेल तर नकलाकाराचा विचार करायचा. नियमाला अपवाद आहेत, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांत. पण हा क्रम आई-वडिलांनाच ठाऊक असतो, आणि तिसऱ्या रुग्णालयात पोचेपर्यंत तो विसरलेला असतो. म्हणून पहिल्या डॉक्टरने चिठ्ठीवर तो लिहून दिला, तर पुढच्या सगळ्यांचे काम सोपे होते.

जखमेतून आलेले

तिसरा गट आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे आणि पाश्चात्त्य लेखांत त्याला फार जागा मिळत नाही. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढल्यावर जखमा भरतात, टाके निघतात, मूल शाळेत जाते. मग तीन-चार आठवड्यांनी पोटावरच्या त्या लहान छिद्रांपाशी गाठ येते, पाणी वाहू लागते. नेहमीची अँटिबायोटिके चालत नाहीत, साधे कल्चर कोरे येते. हे बहुधा क्षयाच्या कुळातले, पण क्षय न करणारे मायकोबॅक्टेरिया असतात: फॉर्च्युइटम, किलोनी, ॲब्सेसस. ते नळाच्या पाण्यात राहतात. दुर्बिणीची नाजूक उपकरणे उकळता येत नाहीत, म्हणून जंतुनाशक द्रावणात बुडवून ठेवतात आणि नंतर धुतात. द्रावण जुने झाले असेल, उपकरण सुटे न करता बुडवले असेल, किंवा धुवायचे पाणीच निर्जंतुक नसेल, तर जंतू आत शिरायची सोय झालीच. दक्षिण भारतातल्या एका रुग्णालयात अशाच कारणाने पस्तीस रुग्णांना एका पाठोपाठ हा संसर्ग झाल्याची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

या आजाराने जीव जात नाही, पण महिनोन्महिने औषधे, पुन्हा पुन्हा कापणे आणि गावाला न परवडणाऱ्या खेपा नशिबी येतात. अनेकदा त्याला सरळ क्षय समजून क्षयाची औषधे दिली जातात आणि ती पुरेशी चालत नाहीत. पालकाने एवढे लक्षात ठेवावे: भरलेली जखम महिन्याभराने पुन्हा वाहू लागली, तर ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्याकडेच परत जावे आणि मायकोबॅक्टेरियासाठी वेगळी तपासणी मागावी.

कल्चर, औषधे आणि बाटलीतले अपेंडिक्स

दर वेळी पुवाचे कल्चर करावे का, यावर शल्यचिकित्सकांत एकमत नाही. न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये त्याचा उपयोग जवळजवळ नाही. फुटलेल्या अपेंडिक्समध्येही अहवाल यायच्या आत बहुतेक मुले सुधारलेली असतात, असा पाश्चात्त्य देशांतला अनुभव आहे. तिथल्याच मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात, की जिथे समाजातच औषधांना न जुमानणारे जंतू बरेच आहेत, तिथे कल्चर करावे. भारत त्यात मोडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे वार्षिक अहवाल पाहिले, तर मोठ्या रुग्णालयांत सापडणारे बहुतेक ई-कोलाय सेफ्ट्रायाक्झोनच्या पिढीतल्या औषधांना दाद देत नाहीत. तापाला, सर्दीला, जुलाबाला मागून घेतलेल्या इंजेक्शनांची ही किंमत आहे. म्हणून आपल्याकडे फुटलेल्या अपेंडिक्सचा पू तपासायला पाठवणे योग्यच. पाठवायचा तर कापसाच्या बोळ्यावर नको. हवेने तो सुकतो आणि प्राणवायूशिवाय वाढणारे जंतू मरतात. सिरिंजमध्ये, हवा काढून, लगेच पाठवावा.

अलीकडे शस्त्रक्रिया टाळून फक्त अँटिबायोटिकवर अपेंडिक्स बरे करण्याची चर्चा आहे. २०२५ च्या आरंभी 'द लॅन्सेट'मध्ये पाच देशांतल्या ९३६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये वर्षभरात अँटिबायोटिकचा मार्ग ३४ टक्के मुलांत अपयशी ठरला, शस्त्रक्रियेचा ७ टक्क्यांत. म्हणजे तीनपैकी दोन मुलांची शस्त्रक्रिया वाचली, हे खरे. पण ही मुले सोनोग्राफी, चोवीस तास देखरेख आणि रात्री परत येण्याची सोय असलेल्या शहरांतली होती. जिथे जंतू औषधाला जुमानत नाहीत आणि दुखणे परतले तर पावसात ओढा ओलांडायचा आहे, तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे धोक्याचे.

कल्चरपेक्षाही स्वस्त आणि जास्त दुर्लक्षित आहे ती काढलेल्या अपेंडिक्सची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. पुष्कळ ठिकाणी अपेंडिक्स बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवतात आणि गोष्ट तिथेच संपते. तेच अपेंडिक्स फॉर्मेलिनमध्ये प्रयोगशाळेत गेले, तर क्षय, यर्सिनियाच्या गाठी, ॲक्टिनोमायसिसचे कण, जंत आणि क्वचित लहानसा ट्यूमरही सापडतो. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. अहवाल मात्र आठवड्याने येतो. तो घ्यायला कोणी जात नसेल, तर तपासणी करून न केल्यासारखीच.

खोऱ्यातून बाहेर पडण्याची वाट

पोशीर परिसरातल्या मुलासाठी सर्वांत मोठा शत्रू वेळ आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर मोफत आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे; ती २०१२ मध्ये जुन्या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. सोय कागदावर आहे. पण पावसाळ्यात वाडीपर्यंत वाहन पोचत नाही, आणि पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. शस्त्रक्रिया झालेले मूल टाके काढायला, अहवाल घ्यायला, महिन्याभराने जखम दाखवायला परत येईलच असे नाही. क्षय, ॲक्टिनोमायसिस आणि नळाच्या पाण्यातले मायकोबॅक्टेरिया नेमके या परत न येण्याचा फायदा घेतात. भट्टीवर गेलेल्या मुलाचा कागद त्याच्यासोबत गेला पाहिजे आणि आशाताईंच्या वहीत त्याची नोंद राहिली पाहिजे.

छोट्या गावातून नोंदी ठेवून काय होणार, असे वाटणाऱ्यांसाठी रायगडचेच उदाहरण आहे. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे नेटके टिपण ठेवले. १९८२ मध्ये ते 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि पुढे प्राझोसिनच्या उपचाराने विंचूदंशातले मृत्यू झपाट्याने घटले. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागली नव्हती. कर्जत-खालापूरच्या रुग्णालयांनी फुटलेल्या प्रत्येक अपेंडिक्सचा जंतू, तो कोणत्या औषधाला बधला, तुकड्यात काय दिसले, आधी ताप होता की दुखणे, एवढे चार रकाने पाच वर्षे भरले, तर या खोऱ्यातल्या मुलांना पहिले औषध कोणते द्यावे याचे उत्तर इथल्याच वहीत मिळेल.

तोवर पालकांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. पोटात सहा तासांहून जास्त सलग दुखत असेल, मूल उडी मारायला तयार नसेल, पोट कडक लागत असेल किंवा दुखता दुखता अचानक थांबून मूल मलूल झाले असेल, तर डॉक्टर गाठा. अचानक थांबलेले दुखणे हे अपेंडिक्स फुटल्याचे लक्षण असू शकते. एरंडेल किंवा दुसरे कुठले रेचक देऊ नका, पोट चोळू नका, उरलेली जुनी अँटिबायोटिके देऊ नका. ताप आधी आला की दुखणे, हे लिहून ठेवा. शस्त्रक्रिया झाली तर अपेंडिक्स तपासायला पाठवले का, ते विचारा आणि अहवाल स्वतः जाऊन आणा. दुर्मीळ जंतू मुलाच्या वाट्याला येईल न येईल. उशीर आणि अर्धवट सोडलेली तपासणी मात्र पुष्कळांच्या वाट्याला येते, आणि ती दोन्ही टाळणे आपल्या हाती आहे.